एकवीसच्या आतले समाधान

डोळ्यांच्या दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर चष्म्याच्या नंबराखाली बहुधा एक छोटी नोंद असते. उजवा 16, डावा 17. किंवा 23 आणि 24. पहिल्या माणसाला ‘प्रेशर नॉर्मल आहे’ एवढे ऐकून हायसे वाटते आणि तो पुढची पाच-सात वर्षे दवाखान्याची पायरी चढत नाही. दुसऱ्याला त्या रात्री जेवण गोड लागत नाही. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

काचबिंदूविषयी आपल्याकडे जी काही जागरूकता झाली, ती या एका आकड्याभोवती झाली. रक्तदाबाचे जसे 120-80, तसे डोळ्याच्या प्रेशरचे 21. एकवीसच्या आत असलात तर सुटलात, वर गेलात तर अडकलात. दरवर्षी मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह येतो, दवाखान्यांच्या दारात फलक लागतात, मोफत प्रेशर तपासणी होते आणि ही समजूत आणखी पक्की होते. तपासणी होते हे चांगलेच. पण त्या आकड्याचा अर्थ काय, तो कुठून आला आणि त्याच्यावर किती विसंबायचे, हे रुग्णाला कुणी बसवून सांगत नाही.

डोळ्याच्या पुढच्या भागात, रंगीत पडद्याच्या म्हणजे आयरिसच्या मागे, पाण्यासारखा स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो. मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. डोळ्याच्या भिंगाला आणि समोरच्या पारदर्शक कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, त्यांचे पोषण हा द्रव करतो. मग कॉर्निया आणि आयरिस जिथे मिळतात त्या कोनात एक बारीक जाळी आहे, तिच्यातून तो बाहेर पडून रक्तात मिसळतो. नळ चालू आहे आणि मोरीची जाळी हळूहळू तुंबते आहे, अशी अवस्था झाली की डोळ्यातला दाब वाढतो. काही डोळ्यांत जाळी चांगली असते, पण कोनच इतका चिंचोळा असतो की आयरिस जाळीवर येऊन बसते. पहिला प्रकार खुल्या कोनाचा काचबिंदू, दुसरा बंद कोनाचा. आपल्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

वाढलेल्या दाबाचा घाव बसतो तो मागे. दृष्टिपटलावरून निघालेले दहा-बारा लाख तंतू एकत्र येऊन जिथे डोळ्याबाहेर पडतात, ती जागा नाजूक असते. तिथे तंतू चेपले जातात, त्यांचा रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि ते एकेक करून मरतात. रुग्ण म्हणतात, ‘नस सुकली’. डॉक्टरांना नसेच्या तोंडाशी असलेला खळगा, ज्याला ते ‘कप’ म्हणतात, मोठा होताना दिसतो. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढून नवे बसवता येते आणि दुसऱ्या दिवशी आजी पेपर वाचू लागतात. काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही, उपचार फक्त उरलेली नजर राखतात. दोन्ही आजार ‘बिंदू’ असल्याने ‘पिकू दे, मग ऑपरेशन करू’ हा मोतीबिंदूचा हिशेब काचबिंदूला लावणारे आजही भेटतात. तसे पाहिले तर मोतीबिंदूलाही तो लावू नये. फार पिकलेले भिंग फुगून कोन बंद करते किंवा पाझरू लागते, आणि मोतीबिंदूच्या जोडीला काचबिंदूही गळ्यात पडतो. आपल्या ग्रामीण भागात असे डोळे कमी येत नाहीत.

आता त्या एकवीसकडे. 1958 मध्ये लायडेकर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने सुमारे दहा हजार लोकांचे डोळ्याचे प्रेशर मोजले. डोळ्याचा कोणताही ज्ञात आजार नसलेली ही माणसे. सरासरी आली साडेपंधरा मिलिमीटर पारा. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने सरासरीच्या वरची मर्यादा काढली, ती साडेवीसच्या आसपास आली, आणि पुढे ती 21 म्हणून रूढ झाली. म्हणजे बहुतेकांचे प्रेशर याच्या आत असते, इतकेच त्या आकड्याने सांगितले. याच्या आत नस सुरक्षित राहते आणि याच्या पुढे मरते, असे तो मुळात म्हणतच नव्हता. तो अर्थ आपण त्याच्या माथी मारला.

पुढच्या अभ्यासांनी हे दोन्ही बाजूंनी उघडे केले. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झालेल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष 1991 मध्ये आले. काचबिंदू असलेल्या निम्म्याहून अधिक डोळ्यांत पहिल्या मोजणीत प्रेशर 22 पेक्षा कमी होते. जपानमधल्या ताजिमी शहरात चाळिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तिथे तर खुल्या कोनाचा काचबिंदू असलेल्यांपैकी 92 टक्क्यांचे प्रेशर एकवीस किंवा त्याखाली निघाले. फक्त प्रेशर मोजून त्यांना घरी पाठवले असते तर शंभरातले ब्याण्णव हातून सुटले असते.

उलट बाजू 2002 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवली. प्रेशर 24 ते 32 पण नस शाबूत, अशी 1,636 माणसे निवडली. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांवर नुसते लक्ष ठेवले. पाच वर्षांनी थेंब घेणाऱ्यांपैकी 4.4 टक्क्यांना काचबिंदू झाला, न घेणाऱ्यांपैकी 9.5 टक्क्यांना. औषधाने धोका निम्म्यावर आला, हा या चाचणीचा गाजलेला निष्कर्ष. पण दुसऱ्या आकड्याकडेही पाहावे. प्रेशर जास्त असून आणि काहीही उपचार न घेता नव्वद टक्के लोकांना पाच वर्षांत काचबिंदू झाला नव्हता. तेव्हा 24 ऐकून हातपाय गाळण्याचे कारण नाही आणि 17 ऐकून निर्धास्त होण्याचेही नाही.

शिवाय तो आकडा मिळतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. जगभर प्रमाण मानली जाणारी पद्धत गोल्डमन यांची, 1950च्या दशकातली. ‘आजोबा, हनुवटी इथे टेकवा, कपाळ पुढे, समोर बघा,’ असे म्हणत सहायक डोळ्यात भूल देणारा थेंब टाकतो, मग पिवळा रंग लावतो. अंधाऱ्या खोलीत निळा उजेड पडतो आणि यंत्राचे सपाट टोक कॉर्नियाला टेकून त्याचा जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करते. यंत्रातून पाहणाऱ्या डॉक्टरला दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात, एक वर, एक खाली. बाजूचे चक्र फिरवत न्यायचे. दोन्हींच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या टेकल्या की थांबायचे. चक्रावर 1.8 असेल तर प्रेशर 18. या अर्ध्या मिनिटात रुग्णाने डोळा घट्ट आवळला, श्वास रोखला किंवा गळ्याशी कॉलर करकचून असली, तरी आकडा वर जातो. चष्म्याच्या मोठ्या दुकानांत हवेचा झोत मारून मोजतात, ती पद्धत चाळणीसाठी ठीक आहे, तीही तीन-चार वेळा मोजून सरासरी काढली तर. आणि प्रेशर दिवसभर एकसारखे राहत नाही. आडवे झाल्यावर ते वाढते, पुष्कळांत रात्री आणि पहाटे सर्वांत जास्त असते. आपले दवाखाने उघडतात दहा वाजता.

गोल्डमन यांची पद्धत कॉर्नियाची जाडी 520 मायक्रॉन धरून चालते. जाड कॉर्निया दाबायला जोर लागतो, म्हणून आकडा फुगतो. पातळ कॉर्निया सहज दबतो, म्हणून आकडा कमी येतो. अमेरिकेतल्या त्याच चाचणीत पातळ कॉर्निया हा काचबिंदूचा धोका सांगणारा महत्त्वाचा घटक ठरला. 555 मायक्रॉन किंवा त्याहून पातळ असलेल्यांना 588 हून जाड असलेल्यांच्या मानाने सुमारे तिप्पट धोका. हे महाराष्ट्राशी थेट येऊन भिडते. नागपूरजवळच्या खेड्यांत 2006 ते 2008 या काळात तीस वर्षांपुढच्या 4,711 गावकऱ्यांचे डोळे तपासले गेले. ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावाने तो अभ्यास जगभर उद्धृत होतो. त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी निघाली 514 मायक्रॉन आणि सरासरी प्रेशर साडेतेराच्या आसपास. पाश्चात्त्य लोकसंख्येत कॉर्निया सरासरीने 540च्या घरात असतो. तिकडून आलेली एकवीसची रेषा विदर्भातल्या शेतकऱ्याच्या डोळ्याला जशीच्या तशी लावणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यातून निघतोच. अर्थात जाडी मोजून आकड्यात दोन मिळवा, तीन वजा करा असे सरसकट सूत्र एकेका रुग्णासाठी भरवशाचे नाही. पण जाडी एकदा मोजलेली असावी. चष्मा घालवण्याचे लेझर ऑपरेशन केलेल्यांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावे. त्यात कॉर्निया तासून पातळ केलेला असतो, त्यामुळे आयुष्यभर प्रेशर कमी दिसत राहते. पन्नाशीत नव्या डॉक्टरकडे गेल्यावर पंचविशीतले ऑपरेशन सांगायचे राहून जाते.

मग प्रेशर बिनमहत्त्वाचे का? मुळीच नाही. काचबिंदूच्या सगळ्या कारणांत आपल्या हातात असलेले, बदलता येणारे, हेच एक आहे. स्वीडनमधल्या एका दीर्घ चाचणीत प्रेशर एक मिलिमीटरने कमी झाले की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटलेला आढळला. ज्यांचे प्रेशर मुळात ‘नॉर्मल’ असते त्यांनाही ते आणखी उतरवल्याने फायदा होतो. वय, आनुवंशिकता, कॉर्निया यांपैकी काही बदलता येत नाही. पण कुणाला किती जपायचे, हे त्यांच्यावरून ठरते.

वय वाढेल तसा धोका वाढतो, यात विशेष काही नाही. मोठा मायनस नंबर असलेल्यांना खुल्या कोनाच्या काचबिंदूचा धोका जास्त. मधुमेह, डोळ्यावर बसलेला चेंडूचा किंवा गुद्द्याचा मार, यांचाही वाटा आहे. मार बसून गेल्यावर दहा-वीस वर्षांनीही प्रेशर वाढू शकते.

सर्वांत कमी बोलले जाते ते कुटुंबाविषयी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात रुग्णांची भावंडे आणि मुले तपासली, तेव्हा त्यांचा आयुष्यभरातला धोका इतरांच्या नऊपट निघाला. आपल्याकडे आईला काचबिंदू आहे हे मुलांना माहीत असते, कारण थेंब तेच आणून देतात. पण मामाला, मावशीला ते कळवले जात नाही. साठीतल्या थोरल्या बहिणीची नजर गेली ती ‘मोतीबिंदूने’ अशी घरात समजूत असते. काही घरांत तर मुलामुलींची लग्ने व्हायची आहेत म्हणून डोळ्यांचे दुखणे झाकून ठेवतात. डॉक्टर ‘घरात कुणाला आहे का?’ विचारतात, तेव्हा मिळणारे ‘नाही’ हे उत्तर पुष्कळदा ‘विचारले नाही’ या अर्थाचे असते.

बंद कोनाच्या काचबिंदूला आशियात, आणि म्हणून भारतात, अधिक वजन द्यायला हवे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढचे सुमारे 1 कोटी 12 लाख लोक काचबिंदूचे रुग्ण आहेत, त्यांतले पंचवीस लाख या प्रकारचे. लहान ठेवणीचे डोळे, प्लस नंबर, वाढते वय आणि स्त्रिया, इथे धोका जास्त. पुष्कळदा हाही गुपचूप वाढतो. पण कधी कोन एकदम बंद होतो आणि प्रेशर पन्नास-साठवर जाते. डोळा लाल, दिव्याभोवती इंद्रधनुषी कडी, अर्धे डोके ठणकते, उलट्या होतात. उलट्या आणि डोकेदुखी म्हटले की आपल्या घरात निदान ठरलेले असते, पित्त झाले. बाई कपाळाला बाम चोळून अंधाऱ्या खोलीत पडून राहते. बाहुली अंधारात आणखी मोठी होते आणि कोन आणखी आवळतो. अशा दुखण्यात काही तासांत डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचणे गरजेचे असते. कोन चिंचोळा आहे हे आधी कळले तर लेझरने आयरिसला बारीक छिद्र पाडून हा झटका टाळता येतो. मात्र ते कळण्यासाठी आरशाचे भिंग डोळ्याला लावून कोन पाहावा लागतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, यंत्रही महाग नाही, तरी गर्दीच्या ओपीडीत ती राहून जाते. सर्दीच्या काही गोळ्या, पोटदुखीची काही औषधे अशा डोळ्यात कोन बंद करू शकतात. वेष्टनावर काचबिंदूचा इशारा असतो तो याच रुग्णांसाठी.

धोक्याचा एक घटक मात्र निव्वळ माणसाने ओढवून घेतलेला आहे. स्टिरॉइड. डोळा आला, खाज सुटली, लाल झाला की औषधाच्या दुकानात जाऊन ‘लालीवरचे थेंब द्या’ म्हणायचे, आणि स्टिरॉइड असलेली बाटली चिठ्ठीविना हातात पडायची. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. म्हणून दर उन्हाळ्यात अॅलर्जीने डोळे चोळणाऱ्या मुलाला घरची मंडळी तीच बाटली आणून घालत राहतात. सुमारे एक तृतीयांश लोकांत स्टिरॉइडने प्रेशर थोडेफार वाढते, शंभरातल्या पाचेकांत खूप वाढते. बाटली बंद केल्यावर बहुधा ते उतरते, पण तोवर गेलेले तंतू गेले. वर्गात फळा दिसेना म्हणून मुलाला आणावे आणि नस अर्धी सुकलेली निघावी, याहून वाईट काय! गोरे होण्याच्या नावाखाली चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळली जाणारी स्टिरॉइडची मलमे, पापण्यांजवळ लावलेली खाजेची औषधे, यांचाही तोच परिणाम होऊ शकतो. दम्याचे पंप किंवा सांधेदुखीच्या गोळ्या भीतीने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगून प्रेशर मात्र तपासत राहावे. चिठ्ठीविना स्टिरॉइडचे थेंब विकणाऱ्या दुकानदारांवर कारवाई करायला नवा कायदा लागत नाही, असलेला राबवावा लागतो.

लोकांच्या मनातल्या बाकीच्या शंका थोडक्यात. मोबाइल पाहून काचबिंदू होत नाही. रक्तदाब नॉर्मल म्हणून डोळ्याचे प्रेशर नॉर्मल असेल असे नाही, उलट रात्री रक्तदाब फार उतरला तर नसेचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून बीपीच्या गोळ्यांच्या वेळा डोळ्यांच्या डॉक्टरला सांगाव्यात. शीर्षासनात डोळ्याचे प्रेशर जवळजवळ दुप्पट होते, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात मोजले गेले आहे. काचबिंदू असलेल्यांनी ते सोडावे, चालणे खुशाल चालू ठेवावे. उषःपान म्हणून एका दमात लिटरभर पाणी पिणाऱ्या रुग्णांनी तेच पाणी घोटघोट प्यावे.

एवढे सगळे माहीत असूनही भारतातल्या सर्वेक्षणांत काचबिंदू निघालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना तो असल्याचा पत्ताच नव्हता. त्याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. दुखत नाही, खुपत नाही. समोरचे स्वच्छ दिसते, अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळही वाचता येते. जाते ती कडेची नजर, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. पायरी चुकते, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने आलेली दुचाकी अचानक उगवल्यासारखी वाटते. माणूस म्हणतो, वय झाले.

मात्र कारण आपल्या व्यवस्थेतही आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि मोतीबिंदूच्या बाबतीत त्याने केलेले काम मोठे आहे. पण त्यामुळे शिबिर म्हणजे मोतीबिंदू शोधणे, यश म्हणजे शस्त्रक्रियांची संख्या, असे समीकरण बसले. शिबिरात बॅटरी मारून ‘मोतीबिंदू नाही, डोळे चांगले आहेत’ असे सांगितलेला माणूस पुढची काही वर्षे त्या दाखल्यावर काढतो. शहरात दुसरी गत. चाळिशी लागली की माणूस चष्म्याच्या दुकानात जातो, काही तर रस्त्यावरच्या टोपलीतून दीडचा नंबर उचलतात. खरे तर चाळिशीचा चष्मा ही आयुष्यात बहुतेकांनी डोळे दाखवण्याची पहिली वेळ असते, आणि काचबिंदूचे वयही तिथूनच सुरू होते. त्या दिवशी बाहुली मोठी करून कुणी नस पाहिली तर अर्धे काम होईल. सरसकट साऱ्या लोकसंख्येचे प्रेशर मोजण्यापेक्षा हे अधिक फलदायी आहे, असे आमचे मत आहे. तालुक्याच्या रुग्णालयात नसेचा फोटो काढून तो जिल्ह्याच्या तज्ज्ञाला पाठवणे आज अवघड राहिलेले नाही.

निदान झाल्यावरची गोष्टही गुळगुळीत नाही. नजर किती गेली ते पाहण्याची फील्ड टेस्ट रुग्णांना परीक्षेसारखी वाटते, अंधारात मिणमिणते ठिपके दिसले की बटण दाबायचे. पहिली चाचणी बऱ्याचदा चुकते, पुन्हा करावी लागते, त्यात डॉक्टर पैसे काढतात असे समजू नये. थेंब रोज, आयुष्यभर घालायचे. थेंबाने दिसण्यात काहीच सुधारणा होत नाही, उलट कधी डोळे चुरचुरतात, म्हणून दोन-तीन महिन्यांत बाटली कपाटात जाते. एक थेंब पुरतो. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. दमा असलेल्यांनी ते आधी सांगावे, टिमोलॉलसारखे थेंब त्यांना धोक्याचे असतात. खुल्या कोनाच्या काचबिंदूत सुरुवातीलाच लेझर करण्याचा पर्यायही आता पुढे आला आहे. ब्रिटनमधल्या चाचणीत 2019 मध्ये असे दिसले की, लेझर घेतलेल्यांपैकी 74 टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. रोजच्या थेंबांचा खर्च न झेपणाऱ्यांनी डॉक्टरांकडे याची चौकशी जरूर करावी.

पुढच्या वेळी डोळे दाखवाल तेव्हा प्रेशरचा आकडा लिहून घ्याच, पण ‘नस कशी आहे?’ आणि ‘कोन पाहिला का?’ हे दोन प्रश्नही विचारा. आणि तुम्हाला काचबिंदू असल्याचे आधीच माहीत असेल, तर सख्ख्या भावंडांना आणि चाळिशी गाठलेल्या मुलांना आजच फोन करून कळवा. त्यांची तपासणी याच महिन्यात व्हायला हवी.